गजावरची खूण

फार फार पूर्वी, बंदुकीत तोंडातून दारू ठासावी लागायची त्या काळी, एका डोंगराच्या अंगाखांद्यावर दोन वस्त्या होत्या. एक खाली नदीकाठी, दुसरी वर रानाला लागून. खालच्या वस्तीत घराला घर चिकटलेलं होतं. एकीच्या चुलीवर फोडणी पडली की शेजारणीला ठसका लागायचा. वरच्या वस्तीत एक घर इथे, तर दुसरं पार टेकाडापलीकडे. मध्ये भाताची खाचरं आणि करवंदाच्या जाळ्या.

वरच्या वस्तीत घरोघरी बंदूक होती. खालच्या वस्तीत एकही नव्हती. एवढ्यावरून दोन्ही वस्त्या एकमेकींना शहाणपण शिकवायच्या. शहाणपण कसलं, टोमणेच ते. वरचे म्हणायचे, “खालच्यांना उंदीर दिसला तरी घाम फुटतो.” खालचे म्हणायचे, “वरच्यांना शिंक आली तरी बार काढतात.” अशी वर्षं चालली होती आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते सोयरिकीमुळे.

खालच्या वस्तीत चांगुणा नावाची बाई होती. नवरा लवकर गेला होता. नदीकाठच्या भाजीच्या मळ्यावर तिने संसार ओढला आणि मंजुळा या एकुलत्या एका लेकीला वाढवलं. वरच्या वस्तीत अगदी शेवटचं घर सुभानाचं. त्याचा मुलगा म्हादू. मंजुळा आणि म्हादू यांची मनं जुळली होती, आईबापांनाही स्थळ पसंत होतं. राहिलं होतं ते फक्त मुलीच्या आईने घर पाहणं.

चांगुणा घर पाहायला वर गेली. सारवलेलं अंगण पाहिलं, गोठा पाहिला, कणगी पाहिली. सगळं तिच्या मनासारखं होतं. मग ती माजघरात आली आणि तिची नजर दारावरच्या खुंटीकडे गेली. खुंटीला बंदूक टांगलेली होती.

“भरलेली हाय का?” तिने विचारलं.

सुभाना हसला. “विहीणबाई, आमच्याकडं रिकामी बंदूक टांगत न्हाईत.”

खरंच टांगत नसत. भरलेली बंदूक उगाच रिकामी केली तर रानाला कळतं आणि डुकरं शेतात उतरतात, अशी वरच्या वस्तीची समजूत होती. त्यात दारू जपून वापरायची वस्तू. त्यामुळे रात्री भरलेला बार उडवावा लागला नाही, तर बंदूक सकाळी तशीच खुंटीवर जायची. तिच्याखालून मुलं पळायची, बायका पाणी भरायच्या, म्हातारे झोपायचे. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

चांगुणाने हातातला पाण्याचा तांब्या न पिता खाली ठेवला. “माझी पोर या खुंटीखाली नांदायची न्हाई,” एवढंच म्हणून ती डोंगर उतरून गेली.

मग काय विचारता! आग लागली नाही तोवर फुंकायला माणसं धावली. खालची मंडळी चांगुणाकडे येऊन म्हणाली, “बरं केलंस. त्या समद्या बंदुका गोळा करून डोहात टाकाय पायजेत.” वरची मंडळी सुभानाकडे येऊन म्हणाली, “आज बंदूक मागत्यात, उद्या कोयता मागतील. वाकू नगंस.” पाणवठ्यावर बायका बोलेनाशा झाल्या. बाजारात पुरुष मान फिरवून जाऊ लागले. ज्यांचा या लग्नाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचे आवाज सगळ्यात मोठे होते. हे असं का होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

मंजुळा जेवेनाशी झाली. म्हादू बापाशी बोलेनासा झाला. सुभाना आणि चांगुणा, दोघांनाही लग्न हवं होतं. पण दोघांच्याही मागे आता अख्खी वस्ती उभी होती, आणि तिच्यासमोर एक पाऊल मागे घ्यायचं म्हणजे नाक कापून घेणं.

दोन्ही वस्त्यांतल्या सोयरिकी जुळवायचं काम धर्माजी नावाचा म्हातारा करी. तोंडात सदा पान, आणि पान नसेल तेव्हा शिवी. हा प्रकार कानावर आला तसा तो काठी टेकत आला आणि त्याने बैठक बोलावली, दोन्ही वस्त्यांच्या मधोमध असलेल्या आंब्याखाली.

त्या मुलखात सोयरिकीच्या बैठकीची एक रीत होती. आपलं म्हणणं आपण मांडायचं नाही. मुलीकडचं मागणं मुलाच्या बापाने सांगायचं, मुलाकडचं मागणं मुलीकडच्याने. आणि ज्याचं म्हणणं असेल त्याने “बरोबर” म्हटल्याखेरीज बैठक पुढे सरकायची नाही. कुण्या जुन्या शहाण्याने ही रीत घालून दिली होती. पण पुढे सगळं आधीच ठरवून येण्याची सवय लागली, आणि रीत उरली ती लुगडी नि जेवणावळीपुरती. माणसं नंदीबैलासारख्या माना डोलवायची आणि पंगतीला बसायची.

धर्माजी म्हणाला, “आज लुगड्याचं बोलायचं न्हाई. बंदुकीचं बोलायचं. रीत तीच. सुभाना, तू चांगुणाचं म्हणणं सांग.”

सुभाना उभा राहिला. “विहीणबाईंचं म्हणणं असं, की बायामाणसास्नी बंदुकीच्या आवाजाचं भ्या वाटतं.”

“चूक,” चांगुणा म्हणाली.

“त्यांचं म्हणणं असं, की बंदूक ठेवणारी माणसं माथेफिरू असत्यात.”

“ते पाणवठ्यावरचे लोक बोलत्यात. म्या कधी बोलले?”

“त्यांचं म्हणणं, की बंदुका डोहात टाका.”

“चूक.”

सुभाना वैतागला. “मंग हाय तरी काय तुमचं म्हणणं?”

धर्माजीने पानाची पिंक टाकली. “इतके दिस घसा फोडलास. इचारलंस मातुर आज.”

चांगुणा बोलली, ती सुभानाकडे पाहून नाही, तर आपल्या हातांकडे पाहून. “माझा जन्म खालचा न्हाई. माझं माहेर डोंगरापलीकडलं. आमच्या घरीबी अशीच बंदूक हुती. खंडेनवमीला आज्यानं पूजेसाठी खाली काढली. समदी म्हणत हुती, रिकामी हाय. माझा धाकला भाऊ फुलं घिऊन म्होरं बसला हुता. आज्या फडक्यानं पुसाय लागला आन् बार उडाला. आज्याचा त्या पोरावर जीव हुता. माझ्यापरीस जास्त. त्या दिसापास्नं आज्या कुणाशी बोलला न्हाई. मला आवाजाचं भ्या न्हाई. मला ‘रिकामी हाय’ या बोलण्याचं भ्या वाटतं.”

सुभानाने खालच्या आवाजात ते सगळं जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. चांगुणाने डोळे पुसले आणि म्हणाली, “बरोबर.”

“आता तू,” धर्माजी तिला म्हणाला.

चांगुणाने सुरुवात केली. “व्याह्यांचं म्हणणं, की बंदूक म्हंजी घराची शान.”

“चूक.”

“बापाची वस्तू हाय, म्हणून सोडवत न्हाई.”

“थोडं बरोबर. पर तेवढंच न्हाई.”

चांगुणाने लगेच विचारलं. बाई हुशार होती. “मंग काय, ते तुमीच सांगा.”

सुभाना म्हणाला, “आमचं घर शेवटचं. एका वर्सी भात पिकलं हुतं आन् बंदूक नादुरुस्त हुती. बा काठी घिऊन खाचरात गेला. डुकरानं त्याची मांडी फाडली. म्या वरडलो. लई वरडलो. वाऱ्यानं आवाज रानातच ऱ्हायला. त्याला पाठीवर घिऊन म्या खाली आलो तवा तुमच्या वस्तीत हळदीची वाजंत्री चालली हुती. बा जगला, पर पुन्हा उभा न्हाई ऱ्हायला. विहीणबाई, तुमी हाक मारली तर धा दारं उघडत्यात. माझ्या हाकंला एकच उत्तर मिळतं, ते खुंटीवर हाय.”

चांगुणाने ते पुन्हा सांगितलं. आणि ती हळद तिच्याच सासरी लागलेली होती. तिची स्वतःची.

“बरोबर,” सुभाना म्हणाला.

आता गंमत बघा. ज्या दोघांना एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं, ती दोघं तिथेच मातीत बसून बंदुकीचा हिशोब करू लागली. बंदूक घरात राहील, पण राखण संपली की भरलेली राहणार नाही. रानाला कळलं तर कळू दे. दारू आणि बार पेटवायच्या टोप्या वेगळ्या पेटीत, किल्ली मंजुळाकडे. आणि चांगुणाच्या डोक्यातून निघालेली तिसरी गोष्ट: दारू ठासायचा जो लोखंडी गज असतो, तो रिकाम्या नळीत पार तळापर्यंत जातो, भरलेल्या नळीत अलीकडेच अडतो. तेव्हा गज तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी येईल तिथे तांबडी खूण करायची. बंदूक खुंटीवरून काढली की कुणी काही म्हणो, आधी दुसऱ्या माणसाने गज घालून खूण पाहायची.

“आन् खालची वस्ती?” सुभानाने विचारलं.

“भात पिकलं की पाळी लावून राखणीला येईल,” चांगुणा म्हणाली. “पयली पाळी माझी.”

दोन्ही वस्त्यांतले पुष्कळ लोक नाराज झाले. खालचे म्हणाले, चांगुणा फितूर झाली. वरचे म्हणाले, सुभाना बाईच्या पदराआड लपला. धर्माजीने सगळ्यांना एकेक ठेवणीतली शिवी दिली आणि लग्नाची तिथी काढली.

वैशाखात लग्न झालं. पाऊसपाणी बरं झालं, आणि भाताच्या लोंब्यांत दाणा भरला तशी चांगुणा डबा वाजवायला मचाणावर जाऊन बसली. दिवस मावळायला आला होता. सुभाना खाचराच्या दुसऱ्या टोकाला होता. तेवढ्यात जाळीतून डुकरं बाहेर पडली. चांगुणाने डबा बडवला, ओरडली, पुन्हा बडवला. डुकरांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भातात तोंड घातलं. मग त्यांतलं सगळ्यात मोठं मचाणाखाली येऊन खांबाला अंग घासू लागलं. मचाण हललं. खाली नदीकाठी तिच्या वस्तीतल्या चुलींचा धूर दिसत होता, आणि तो फार लांब होता.

“व्याही!” ती जीव खाऊन ओरडली. “बार काढा! काढा बार!”

सुभानाने हवेत बार काढला. डुकरं पळाली. चांगुणा खाली उतरली, आणि दोघं भाकरी खायला बसली. सुभानाने तिला चिडवलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. मी असतो तर मला राहवलं नसतं. दुसऱ्या दिवशी चांगुणा खालच्या वस्तीत गेली आणि ज्यांना पाळीचं नाव काढताच ताप भरायचा, त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. ताप उतरू लागले.

मग खंडेनवमी आली. मंजुळाला दिवस गेले होते, म्हणून चांगुणा लेकीकडे सणाला आली होती. माजघरात पाट मांडला होता, कोयते नि विळे धुऊन ठेवले होते. सुभानाने बंदूक खाली काढली, मांडीवर आडवी घेतली आणि फडकं उचललं. नळीचं तोंड समोर होतं, आणि समोर मंजुळा झेंडूची फुलं घेऊन बसली होती.

“मामंजी, खूण,” मंजुळा म्हणाली.

“अगं, रिकामी हाय,” सुभाना म्हणाला. “काल सांजच्याला म्या स्वोता बार काढलाय.”

चांगुणा भिंतीला धरून उभी होती.

सुभानाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने नळी छताकडे केली आणि गज सुनेच्या हातात दिला. मंजुळाने गज नळीत सोडला. तो अर्ध्याहून पुष्कळ खाली गेला आणि अडला. तांबडी खूण नळीच्या वर राहिली, चांगली वीतभर.

म्हादूचा चेहरा पांढराफटक पडला. पहाटे डुकरांची चाहूल लागली म्हणून त्याने बायकोकडून किल्ली मागून बंदूक भरली होती. ती अर्धवट झोपेत किल्ली देऊन पुन्हा झोपली होती. डुकरं आली नाहीत, आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी त्याने बंदूक तशीच खुंटीला लावली होती. सांगायचं राहून गेलं होतं.

सुभाना उठला. बंदूक दोन्ही हातांनी धरून बांधावर गेला आणि मातीच्या ढिगात बार काढला. आवाज डोंगरावर आपटून परत आला. परत येऊन त्याने बंदूक पाटावर ठेवली आणि चांगुणासमोर बसला.

“विहीणबाई,” तो म्हणाला, “आंब्याखाली तुमचं म्हणणं म्या तोंडानं मांडलं हुतं. आज कळलं.”

“तुमचं म्हणणं मला मचाणावर कळलं हुतं,” चांगुणा म्हणाली. “बोलले न्हाई, एवढंच.”

मंजुळाने फुलं वाहिली, आणि पूजा झाली. बंदुकीच्या शेजारी पाटावर त्या वर्षापासून गजही मांडू लागले.

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, बोध एवढाच: समोरच्याचं म्हणणं त्याने “बरोबर” म्हणावं असं मांडता येईपर्यंत त्याला उत्तर द्यायला तोंड उघडू नये.