छाटीवरचे टाके

“...पण बुवा, एवढी विटलेली छाटी उद्या सगळ्यांसमोर मी खांद्यावर घ्यायची?”

अच्युत विचारत होता. मी आमच्या परसात धुणं वाळत घालत होते. मठाची आणि आमची मागची भिंत एकच, तीही कमरेएवढी. कान काय झाकून ठेवायचे?

कोंडीबुवा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

“नको घेऊस,” ते म्हणाले.



दुसऱ्या दिवशी मठाचा उत्सव होता. बुवा आता थकलेत. गुरूंकडून त्यांच्याकडे आलेली भगवी छाटी ते उद्या अच्युतच्या खांद्यावर घालणार आणि मठ त्याच्या हाती देणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोरगा गुणी. कीर्तनाला उभा राहिला की कोपऱ्यावरचा चहावाला स्टोव्ह बंद करून येतो. फक्त मान जरा... ताठ.

आणि त्याचं एक ठरलेलं होतं. कीर्तन रंगात आलं की बुवांच्या खांद्याकडे हात करून म्हणायचा, “ही छाटी बघा! दोन पिढ्या अंगावर वागवली, पण कुठं फाटली नाही, उसवली नाही!”

बायका हात जोडायच्या. मीही जोडलेत. बुवा मागे बसून टाळ वाजवत असायचे.

“बुवा, रंगवू का मग? घरच्या घरी होतं.”

“बघ बाबा.”

एवढंच म्हणाले, आणि पुन्हा शेंगा.

अच्युत भिंतीपाशी आला. “काकू, मोठं पातेलं आहे का?”

पातेलं दिलं, सोबत मीसुद्धा गेले. त्याला कुठलं जमणार! पाण्याला उकळी आणली, पुडीतला रंग कालवला, मूठभर मीठ टाकलं. म्हटलं, “काठीनं हलवत राहा रे, नाहीतर डाग पडतील.” हलवताना त्याचा उत्साह असा, की जणू ताकच घुसळतोय.

छाटी पिळून सावलीत टाकली. रंग काय चढला होता! झेंडूच फुलला म्हणा ना.

“बघा काकू! आता कशी शोभेल?”

“शोभेल हो,” मी म्हटलं.

ती वाळत आली तसं अच्युतनं जवळ जाऊन काहीतरी चिमटीत धरलं. कापसाचा तंतू चिकटलाय असं त्याला वाटलं. ओढला. निघेना.

टाका होता.

त्याच्या शेजारी दुसरा. खाली अख्खी रांग. खांद्यावर, काठाला, मधोमध... भगव्या कापडावर फिकट टाकेच टाके. विटक्या छाटीत विटक्या दोऱ्याचे टाके इतकी वर्षं कुणाला दिसले नव्हते. ते आता अंगणाच्या पलीकडून मोजता आले असते.

“काकू, हे काय झालं?”

“सुती कापड रंग पितं रे. टेरिलीनचा दोरा नाही पीत. माझ्या परकराचं असंच झालं होतं.”

दोरा मी ओळखला होता. बिस्किटी रंगाचा. बुवा बाजारातून मलाच आणायला सांगायचे. मी विचारायची, कशाला हो बुवा? म्हणायचे, चादर उसवलीय. मला वाटायचं, मठात चादरी तरी आहेत किती!

अच्युतचा चेहरा उतरला. उरलेल्या रंगात आगकाडी बुडवून तो दोरीवरच एकेक टाका रंगवू लागला. रंग लागायचा, बोट लागलं की निघून यायचा. पुन्हा लावायचा. पुन्हा निघायचा.

बुवा मागे येऊन उभे राहिले, ते त्याला कळलंच नाही.

“काय चाललंय?”

अच्युत दचकला. मग हळूच म्हणाला, “बुवा... ही फाटली होती?”

“पुष्कळदा.”

“हे टाके तुमचे?”

“दिसतात ते माझे. माझ्या गुरूंचेही आहेत. त्यांचा दोरा सुती होता, तो रंगून गेला.”

“मग मला बोलला का नाहीत? मी एवढ्या लोकांना सांगत आलो...”

“तू विचारलंस कुठं? तू सांगत होतास.”

...

पातेल्यातलं पाणी निवलं होतं. मला खरं तर घरी जायला हवं होतं. पण पाय निघेना.

“उद्या सगळे बघतील,” अच्युत म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. “मला खोटा म्हणतील.”

“म्हणतील.”

“नवी आणतो. बाजारात अशीच मिळते. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दोरीवरच्या चिमट्यांकडे बघितलं.

बुवांनी छाटी दोरीवरून काढली, उन्हात धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांखालून घातली. एका जागी थांबले. बोट घातलं. बोट आरपार गेलं.

“हे कधीचं?”

अच्युतनं मान खाली घातली. मला वाटलं, आता म्हणेल, जुनंच असेल.

“...आजचं. ढवळताना काठी अडकली. मी ओढली.”

“हं.”

बुवा आत गेले. पत्र्याचा डबा घेऊन आले. सुई काढली, तोच बिस्किटी दोरा काढला, डोळे बारीक करून ओवला आणि सुई अच्युतच्या हातात दिली.

अच्युत छाटी मांडीवर घेऊन बसला. सुई नुसतीच धरलेली.

“बुवा... उद्या ही कुणाच्या खांद्यावर घालणार?”

बुवांनी भोकावर बोट ठेवलं.

“आधी हे.”

“काकूंकडे भगवा दोरा असेल.”

होता. मी निघालेसुद्धा होते. बुवांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं... मी पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिले.

अच्युतनं भोकाच्या कडा जुळवल्या. सोडल्या. पुन्हा जुळवल्या.

“हा दोरा दिसेल, बुवा. अगदी मागच्या रांगेतूनसुद्धा दिसेल.”

“मग सरळ घाल,” बुवा म्हणाले.