हिवरखोऱ्याच्या लेण्यातलं एक वाक्य

"पण मी ते वाक्य लिहिण्याआधी बायका इथे यायच्या की नाही, एवढंच सांगा ना, आक्का."

आक्कांनी हातातली चिंच फोडली. चिंचोका एकीकडे, गर एकीकडे.

यामिनी वाट बघत बसली. ऊन लेण्याच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं, आत या असं कुणी म्हटलं नाही म्हणून पाहुण्यानं उंबऱ्याशी उभं राहावं तसं. आत अंधार नव्हता, उजेडही नव्हता. पारवे घुमत होते आणि तो आवाज दगडातूनच येतोय असं वाटत होतं.

आक्का या डोंगरावर तीस वर्षं राहत होत्या. संन्यास घेतलेल्या, एकट्या. लेण्याला टेकून त्यांची झोपडी. सकाळी लेणं झाडायचं, टाक्यातून पाणी आणायचं आणि येईल त्याच्या प्रश्नाला निम्मं उत्तर द्यायचं. उरलेलं निम्मं ज्यानं त्यानं खाली उतरता उतरता शोधावं. काहींना सापडे. काहींचे नुसतेच पाय दुखत.

यामिनी सोनटक्के पुण्याहून आली होती. चार वर्षांच्या रेवाला आजीपाशी ठेवून. डोंगरावर फोनला रेंज नव्हती, त्यामुळे रेवा या क्षणी कुठल्या तरी जिन्यावरून पडते आहे याबद्दल तिची जवळजवळ खात्री होती.

तिचं काम तसं सांगायलाही अवघड. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश होता. त्यात कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. पगार नाही, मानधन नाही. किल्ले, बारवा, लेणी, घाट यांच्यावरचे लेख वाचायचे आणि त्यांना श्रेणी द्यायची, हे यामिनीकडे. अंकुर, साधारण, चांगला, उत्कृष्ट. ज्या वाक्याला छापील आधार नाही त्याच्यापुढे ती ‘संदर्भ हवा’ असा शिक्का मारायची. महिन्याभरात आधार मिळाला नाही, तर वाक्य काढून टाकायची. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तिथे चालत नसे. छापलेलं चालत असे.

अडीचशेच्या वर लेख तिनं असे चाळून काढले होते. तिथे लिहिणाऱ्या मंडळींत तिचा दरारा होता. स्वतःच्या आईपणाला कुठली श्रेणी द्यावी हे तिला कधीच ठरवता आलं नव्हतं, पण लेखांची श्रेणी ती एका वाचनात ठरवे.

हिवरखोऱ्याच्या लेण्याचा लेख ‘उत्कृष्ट’ ठरायला आता एकच मत कमी होतं. तिचं. सोमवारपर्यंत मुदत होती.

आणि त्या लेखात एक वाक्य होतं.

‘झोप न लागणाऱ्या तान्ह्या बाळांना येथील दगडी ओट्यावर निजवण्याची स्थानिक स्त्रियांची जुनी प्रथा आहे.’

वाक्याला संदर्भही होता. एका वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी. फक्त पुरवणीवाल्यानं ते वाक्य ज्ञानकोशातूनच उचललं होतं. आणि ज्ञानकोशात ते लिहिलं होतं यामिनीनं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रेवा तीन महिन्यांची. दोन दिवस पोर झोपली नव्हती, म्हणजे यामिनीही नाही. नवऱ्यानं गाडी काढली, म्हणाला, जरा वारा लागेल दोघींना. तो खाली गाडीपाशीच थांबला. वर चढून आल्यावर यामिनीनं पोरीला त्या थंड ओट्यावर ठेवलं आणि शेजारी टेकली. जाग आली तेव्हा तीन तास गेले होते. खालून गाडीचा हॉर्न वाजत होता. ती रेवाला उचलून धावतच उतरली.

पण त्या तीन तासांत तिनं बायका पाहिल्या होत्या. ओट्याच्या कडेनं ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक एक मूल, सगळ्याजणी थोपटताहेत, कुणीच बोलत नाही. एक जण तेवढी तिच्याकडे वळून म्हणाली होती, इथं निजतात गं पोरं.

जागेपणी पाहिल्या? झोपेत पाहिल्या?

पुढच्या आठवड्यात एका दुपारी, खांद्यावर रेवा, एका अंगठ्यानं टंकत तिनं ते वाक्य लेखात घातलं. ‘जुनी’ हा शब्द तर तिनं लिहिलाच नव्हता असं तिला वाटे. तो आपोआप आला होता.

हे सगळं तिनं आज आक्कांना सांगितलं. लांबच्या मळ्यातला पंप ऐकावा तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमच्या त्या कोशात मी आहे का गं?" त्यांनी मध्येच विचारलं.

यामिनी चपापली. एकानं लिहिलं होतं तसं. लेण्याची झाडलोट एक संन्यासिनी करतात म्हणून. आधार नव्हता. ते वाक्य तिनंच काढलं होतं.

"नाही, आक्का."

"बरं झालं. तिथलं झाडायला नको."

इतक्यात पायऱ्यांवर बोलणं ऐकू आलं. दोन बाया वर येत होत्या, दोघींच्या कडेवर तान्ही. आक्कांना वाकून नमस्कार करून त्या सरळ आत गेल्या. येणं नेहमीचं असावं, कारण चपला कुठं काढायच्या, पदर कुठं अंथरायचा, कशाचीच विचारपूस झाली नाही. ओट्यावर दोन पदर, दोन बाळं.

यामिनी उठून त्यांच्यापाशी गेली. तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, ही पद्धत केव्हापासूनची म्हणून. दोघींतली थोरली डोंगराखालच्या ज्योत्याजी वस्तीवरची होती. ती म्हणाली, आमच्या आत्याबाई सांगतात, लई आधीपासनं हाय. आत्याबाई स्वतः कधी आल्या होत्या का, असं विचारल्यावर मात्र ती जरा घुटमळली. मग तिला बळ सापडलं.

"अवो, मोबाइलवर पण हाय की ते."

यामिनीचे कान तापले.

थोरलीचा मुलगा पाच मिनिटांत झोपला. मूठ उघडली, ओठ सैल पडले. धाकटीच्या मुलीनं मात्र लेणं दणाणून सोडलं. पारवे फडफडून बाहेर गेले. धाकटीनं तिला उचललं आणि बाहेर येऊन आक्कांपाशी बसली. दर बारीला थोडंच लागू पडतं, असं म्हणून तिनं पोरीला पाजायला घेतलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

यामिनी परतली. तिचा निश्चय झाला होता आणि निश्चय झाला की तिचा आवाज शिक्षिकेसारखा होई.

"मी ते वाक्य काढून टाकते, आक्का. लेख त्याच्याशिवायही उत्कृष्टच आहे."

"काढ."

"खोट्याला जागा नाही ठेवायची."

"नकोच ठेवू." आक्कांनी आणखी एक चिंच घेतली. "पण आधी त्याला उठव."

"कुणाला?"

आक्कांनी चिंचेनं माखलेल्या बोटानं लेण्यातल्या झोपलेल्या पोराकडे दाखवलं.

यामिनीला वाटलं थट्टा आहे. आक्का हसत नव्हत्या. ती लेण्यात गेली, कारण अडीचशे लेख चाळणाऱ्या बाईनं असं मागे सरणं बरं दिसलं नसतं. मूल झोपलं होतं. त्याची आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, एक हात पोराच्या पोटावर. पोट वर होई, हातही वर होई. पोट खाली, हात खाली.

यामिनीनं हात पुढे केला…

दगडाचा गारवा बोटांना लागला. तिथेच तिचा हात राहिला. किती वेळ, ते तिला कळलं नाही. पारवे एकेक करून परत आले. मग ती पावलांचा आवाज न करता बाहेर आली.

"म्हणजे खोटं तसंच राहू देऊ?"

"मी म्हटलं का तसं?"

"मग काय करू?"

आक्कांनी गर चाचपून पाहिला. शिरा राहिल्या होत्या, त्या त्यांनी ओढून काढल्या.

यामिनी पायरीवर बसली. आता ती जे बोलली ते सांगायला ती आली नव्हती. पण ते तिच्या तोंडून निघालं.

राजापूरकडचे एक निवृत्त गुरुजी होते. आपल्या गावातल्या जुन्या तळ्यावर त्यांनी लेख लिहिला होता. त्यात एक ओळ अशी, की होळीच्या दुसऱ्या दिवशी तळ्याच्या तिसऱ्या पायरीवर दिवा ठेवतात. यामिनीनं शिक्का मारला, संदर्भ हवा. गुरुजींनी लेखाच्या चर्चापानावर उत्तर दिलं, माझे आजोबा ठेवत असत, आता मी ठेवतो. तिनं लिहिलं, आजोबा हा संदर्भ होत नाही. आणि ओळ काढून टाकली.

"मग?"

"त्यांनी ‘बरं’ एवढंच लिहिलं. नंतर कधी काही लिहिलं नाही त्यांनी."

आक्कांनी पुढची चिंच फोडली.

"त्यांची ओळ खरी होती, आक्का. मला तेव्हाच कळलं होतं ती खरी आहे. आणि माझी खोटी ओळ चार वर्षं तशीच होती. तिला मीच कधी शिक्का मारला नाही."

धाकटीची मुलगी दूध पिता पिता झोपली होती, आईच्या मांडीवरच. धाकटी हलतही नव्हती.

आक्कांनी चिंचोके सुपात गोळा केले. मग विचारलं,

"आणि तो दिवा?"

"कुठला?"

"पायरीवरचा. यंदा लागला का?"

होळी होऊन पंधरवडा झाला होता. हे विचारायचं यामिनीला कधी सुचलंच नव्हतं. ती ओळ काढल्यावर गुरुजींनी दिवा ठेवला की नाही, तिथे बसून ‘आजोबा हा संदर्भ होत नाही’ असं त्यांच्या मनात आलं की नाही…

"माहीत नाही," ती म्हणाली.

शिक्षिकेचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

ऊन अखेर उंबरा ओलांडून हातभर आत आलं. त्यात धूळ तरंगत होती, हळू, जणू खाली पडायची तिला आठवणच नाही.

यामिनीनं फोन काढला आणि मंडळींसाठी लिहायला घेतलं. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा खोडलं नाही. मग तिनं आक्कांना वाचून दाखवलं.

"‘झोपेबद्दलचं वाक्य मी लिहिलं आहे. ते मी पाहिलं की स्वप्नात पाहिलं, हे मला ठाऊक नाही. पुरवणीत ते माझ्यावरूनच गेलं. आज दोन बायका बाळं घेऊन आलेल्या मी पाहिल्या, पण त्या कशामुळे येतात हेही मला ठाऊक नाही. वाक्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. या लेखाला मी मत देत नाही आणि मी श्रेणी दिलेले सगळे लेख कुणीतरी पुन्हा तपासावेत.’"

पाठवायचं बटण तिनं दाबलं. रेंज नसल्यामुळे निरोप अडकून राहिला. खाली उतरल्यावर जाईल. एकदा गेला की दरारा संपला, नाव संपलं, हे तिला स्वच्छ कळत होतं. ज्या मंडळींची वाक्यं तिनं काढली होती, त्यांतले काही जण आनंदानं पेढे वाटतील हेही. आणि तरी छातीत काहीतरी सैल झालं होतं. खाली उतरल्यावर दुसरा निरोप राजापूरला जायचा होता. त्यातलं पहिलं वाक्य अजून तिला सुचत नव्हतं.

लेण्यातली थोरली झोपलेल्या पोराला खांद्यावर टाकून बाहेर आली. दोघी आक्कांच्या पाया पडल्या, यामिनीकडे बघून ओळखीचं हसल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. बोलणं हळूहळू लांब गेलं. मग ते वाऱ्याचं की त्यांचं, ते कळेना.

यामिनी उठली नाही.

"आक्का, मी सगळं कबूल केलं. आता कुठं लिहायचं नाहीये मला, कुणाला दाखवायचं नाहीये. फक्त माझ्यासाठी विचारते." ती थांबली. "त्या दुपारी तुम्ही इथेच होतात. मी जागी होते की झोपेत? त्या बायका होत्या का?"

आक्कांनी हात धुतले. पदराला पुसले. यामिनीच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, चार वर्षांची ती वर्तुळं.

"ओटा रिकामा झालाय," त्या म्हणाल्या. "जा, नीज. आणि या वेळी उठल्या उठल्या पळू नकोस… कोण कोण आलं होतं, ते मला सांगून जा."