तेरावी घटिका

गोदावरीकाठच्या कुंभवती नगरात मेघवर्धन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका गणकाच्या कुळात जन्मला होता. नाव श्रुतकेतू. वय तिशीचे, बोलणे थोडे आणि गणित इतके चोख की ग्रहांनी याला विचारूनच चालावे, असे लोक म्हणत. लोकांचे काय, ते म्हणून मोकळे होतात. ते ऐकून मुख्य गणक नागसोमाच्या अंगाचा तिळपापड होई, हे त्यांना कुठे दिसत होते?

नागसोम काही अडाणी नव्हता बरे. तीस वर्षे त्याने राजाचे पंचांग सांभाळले होते. पण हल्ली कोणी शंका घेऊन आला, की समोर बसलेल्या नागसोमालाच श्रुतकेतू कुठे आहेत म्हणून विचारी. त्या दिवशी नागसोमाच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या वर्षी फाल्गुनी अमावास्येला सूर्यग्रहण होते. सूर्योदयानंतर किती घटिकांनी ते लागणार, हे दोघांनी राजसभेत सांगितले. नागसोम म्हणाला तेरा, श्रुतकेतू म्हणाला बारा. आता त्या नगराची रीत मोठी कडक. सभेत सांगितलेले ग्रहण ज्याचे चुकेल, त्याने आपली गणिताची लाकडी पाटी नदीत सोडायची आणि जन्मात पुन्हा गणित मांडायचे नाही.

ग्रहणाच्या तीन दिवस आधी श्रुतकेतू एकटाच नागसोमाच्या घरी गेला. त्याने अदबीने सांगितले, की आचार्यांनी घेतलेले कोष्टक पूर्वेकडच्या दूरच्या नगराचे आहे. तिथे सूर्य आपल्याआधी उगवतो, म्हणून एक घटिका जास्त येते. अजून सभेत दुरुस्ती सांगता येईल.

नागसोमाने मांडून पाहिले. खरेच होते. नवशिक्याने करावी अशी चूक. तेव्हाच त्याने हात जोडले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण चूक झाली याचे त्याला दुःख नव्हते, ती याने काढली याचे होते. "बघू," एवढेच बोलून त्याने श्रुतकेतूला वाटेला लावले.

वेळ मोजायची ती घटिकापात्राने. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यावर सोडली, की भरत भरत बरोबर एका घटिकेत बुडते आणि घंटेवर टोला पडतो. वाटी नागसोमाच्याच ताब्यात असे. त्याने सुई घेतली आणि ते भोक केसभर वाढवले. आता वाटी लवकर बुडणार आणि बारा टोल्यांच्या जागी तेरा पडणार.

झालेही तसेच. तेरावा टोला पडला आणि सूर्याची कड काळी झाली. नदीत उभ्या लोकांनी नागसोमाचा जयजयकार केला, राजाने आपल्या गळ्यातला हार त्याला घातला. श्रुतकेतूने मान खाली घातली. नागसोम त्या खाली गेलेल्या मानेकडे पोटभर बघत राहिला. पाटी दुपारी सोडायची ठरली.

ग्रहण सुटल्यावर श्रुतकेतू सावली मोजायच्या खांबापाशी जाऊन बसला. दिवस आणि रात्र सारखी, तीस-तीस घटिकांची, असण्याचा तो काळ, तेव्हा सूर्य माथ्यावर येताना पंधरा टोले व्हायला हवेत. सोळा होऊन गेले तरी सावली आखूड होतच होती. त्याला सगळे उमगले. घटिकापात्रात लबाडी करणाऱ्याचा हात तोडतात, हेही त्याला ठाऊक होते.

तो नागसोमाजवळ गेला आणि हलकेच म्हणाला, "आचार्य, वाटीचे भोक वाढले आहे. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या याच वाटीवर चालतात, लोकांना पाणी कमी मिळेल. आजच नवी वाटी लावा. मी कुणाला काही सांगणार नाही."

नागसोम आधी घाबरला आणि मग, काय सांगावे, आणखीच जळला. गणितात हा वरचढ होताच, आता चांगुलपणातही याने आपल्याला मागे टाकावे? तो भांडला असता तर त्याचा राग करणे किती सोपे झाले असते.

श्रुतकेतू पाटी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. खडूने मांडलेले ग्रहण तिच्यावर तसेच होते. नागसोम काठावर उभा होता. तीस वर्षांची सवय, नजर आकड्यांवर गेलीच. एकेक ओळ तो वाचत गेला. कुठे घाई नाही, कुठे खाडाखोड नाही. सगळा गाव काठावर जमला होता, पण ते गणित वाचू शकणारा त्यात तो एकटाच होता.

तो तसाच पाण्यात शिरला आणि त्याने पाटी धरली. "सोडू नकोस. हे बरोबर आहे."

मग राजासमोर जाऊन त्याने कोष्टक, सुई, वाटी, सगळे सांगितले. राजाने संतापून सेवकांना खूण केली. तेवढ्यात श्रुतकेतू मध्ये आला. "महाराज, हा हात तोडलात, तर या राज्यात पुन्हा कुणी आपली चूक कबूल करणार नाही."

हात वाचला. रीत मात्र राहिलीच. नागसोमाने घरून आपली पाटी मागवली आणि प्रवाहात सोडली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो पाहत होता. मग श्रुतकेतूकडे वळून म्हणाला, "मला मांडायला बंदी आहे, वाचायला नाही. तुझी पाटी इकडे दे."

मागच्या जन्मीची एवढी गोष्ट विहारात सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, सोबत्याच्या प्रवचनाला गर्दी झाली म्हणून आज आसन सोडून गेलेला हा तिष्यगुप्त, तोच तेव्हाचा नागसोम. राजा मेघवर्धन म्हणजे विहाराचा कारभार पाहणारे आपले स्थविर. श्रुतकेतू मी होतो. दुसऱ्याचा दोष हाती सापडला असताना त्याला परतायची वाट मोकळी ठेवावी, हीच क्षांती, हीच खरी क्षमा."

तिष्यगुप्त उठला आणि त्या सोबत्यासमोर ऐकायला जाऊन बसला.