घंटेची तोफ

विषय: चर्चची घंटा परत मिळण्याबाबत.
संदर्भ: एक, गावाने राजाला धाडलेले युद्धपत्र. दोन, त्याच गावाने त्याच राजाला त्याच अक्षरात केलेला नम्र अर्ज.

वरील विषयाची हकीकत अशी. फार पूर्वी एका खाडीच्या मुखाशी ख्रिस्ती कोळ्यांचे एक छोटे गाव होते. गावात तेरा होड्या, एक चर्च आणि चर्चच्या मनोऱ्यात एक घंटा. हिवाळ्यात सकाळी धुके उतरले की हातभर अंतरावरचे दिसत नसे. मग ज्या घरचा माणूस समुद्रात असेल, त्या घरच्याने दोर धरायचा आणि शेवटची होडी वाळूला लागेपर्यंत घंटा थांबू द्यायची नाही, असा रिवाज होता. आवाजाच्या रोखाने होड्या घरी येत.

खाडीच्या पलीकडे राजाचा किल्ला होता. एके वर्षी हुकूम आला, की किल्ल्यासमोरून जाताना प्रत्येक होडीने शीड अर्धे उतरवावे. शीड उतरवायला पान लावण्याइतकाही वेळ लागत नाही. पण गावाला तो अपमान वाटला, आणि अपमान वाटायला वेळ त्याहूनही कमी लागतो.

रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर पाटलाने चर्चच्या अंगणातच सभा भरवली. घंटा उतरवून तिची तोफ ओतायची आणि राजाला युद्धपत्र धाडायचे, असे ठरत आले. पत्र लिहायला गावचा कारकून बसला. गावात चांगले अक्षर त्याचे एकट्याचे होते, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे. ओट्यावर बसल्या बसल्या त्याला एक वाक्य सुचले होते: ‘आमचे शीड वाऱ्यापुढे झुकते, राजापुढे नाही.’ ते त्याने तीनदा मनात वाचले. तिन्ही वेळा ते त्याला आवडले.

तेवढ्यात म्हातारे फादर पुढे आले. लढाईला निघणाऱ्याने आधी खाली बसून दोन्हीकडचे बळ मोजावे, आणि समोरचा भारी असेल तर तो दूर आहे तोवरच माणूस पाठवून सलोख्याचे बोलावे, असे त्यांनी समजावून पाहिले.

“फादर, आम्ही फक्त देवापुढे वाकतो,” पाटील म्हणाला.

“शेजारी कोण बघतंय ते पाहून वाकता, पाटील. मी समोर उभा असतो, मला दिसतं.”

लोक हसले. मग कोणीतरी गोफणीच्या एका दगडाने राक्षस पाडणाऱ्या पोराची बायबलातली गोष्ट काढली. फादर म्हणाले, “तो देवाने पाठवल्यावर गेला होता. तुम्ही निघालात आणि मागाहून देवाला बोलावताय.” मग ते कारकुनाकडे वळले. “तुमच्या खिडकीतून किल्ल्याचं बंदर दिसतं. सांगा बरं सगळ्यांना, राजाची जहाजं किती आहेत?”

कारकुनाला आकडा पाठ होता. एकशे चाळीस. तो सांगितला असता तर सभा तिथेच मोडली असती, हेही त्याला कळत होते. पण सभा मोडली असती तर ते वाक्यही वाया गेले असते.

“मोजावी लागतील, फादर,” तो म्हणाला आणि टाक दौतीत बुडवला.

फादरांनी मनोऱ्याची किल्ली दिली नाही. पाटलाने कुलूप फोडले. पंधरा दिवसांत घंटेची तोफ झाली.

युद्ध एका दुपारी झाले. तोफेचा एकच गोळा उडाला आणि मासे धरायला रोवलेल्या गावाच्याच खुंटांवर पडला. किल्लेदाराला वाटले गावात सण आहे. त्याने मान राखून पलीकडून एक बार काढला. मग त्याला युद्धपत्र वाचून दाखवण्यात आले. तासाभरात बारा शिपाई एका पडावातून आले आणि तोफ घेऊन गेले. त्यांचे पाय भिजू नयेत म्हणून पडाव धरून कमरेइतक्या पाण्यात उभा होता तो पाटील. दुसऱ्या दिवसापासून तेराही होड्या शीड अर्धे उतरवू लागल्या. काही तर पूर्णच उतरवीत.

कोणी मेले नाही, म्हणून गावाला हायसे वाटले. पण नाताळ झाला आणि धुके आले.

त्या सकाळी बारा होड्या लवकर परतल्या होत्या. तेरावी कारकुनाच्या जावयाची होती. कारकुनाची लेक रिवाजाप्रमाणे मनोऱ्याखाली गेली. दोर होता, वर काही नव्हते. तिने घरून तांब्याचा हंडा आणला आणि उलथण्याने तो बडवू लागली. हंड्याचा आवाज चर्चच्या भिंतीपलीकडे जाईना. कारकून शेजारी उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने तिच्या हातातले उलथणे घेतले आणि स्वतः बडवू लागला.

“बाबा,” ती म्हणाली, “जहाजं किती, ते तुम्हाला ठाऊक होतं. खिडकीत बसवून त्यांच्यावरच तर तुम्ही मला अंक शिकवलेत.”

“एकशे चाळीस,” कारकून म्हणाला. मोठ्याने म्हणायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

ऊन वर आल्यावर धुके फिटले. मग राजाचा एक पडाव किनाऱ्याला लागला. जावयाची होडी किल्ल्याखालच्या खडकावर फुटली होती. त्याची हाक ऐकून दोन शिपायांनी पाण्यात उड्या टाकल्या होत्या आणि त्याला वर काढले होते. राजाच्या शिक्क्याचे कांबळे पांघरून तो वाळूवर उतरला. शिपायांना पेज प्यायला थांबा म्हणण्याचे धाडस गावात कोणाला झाले नाही. फादरांनी त्यांना हाताला धरून नेले.

संध्याकाळी कारकून चर्चमध्ये गेला आणि सगळे सांगून गुडघ्यांवर बसला. फादर म्हणाले, “घंटा परत मागायचा अर्ज लिहा. अक्षर चांगलं आहे तुमचं.”

याहून मोठे प्रायश्चित्त त्यांना सुचले नसावे.

धुतलेले कांबळे काखेत घेऊन कारकून किल्ल्यावर गेला. तिथल्या कारकुनाने अर्ज उजेडात धरला. “अक्षर ओळखीचं वाटतं.”

“माझंच आहे,” तो म्हणाला. “तेही, हेही.”

“ते वाक्य झकास होतं. इथे अजून म्हणून दाखवतात.”

कारकुनाने काखेतले कांबळे पुढे ठेवले.

राजाच्या कारकुनाने दप्तर चाळले. जमा वस्तूंत तोफ एक अशी नोंद होती, घंटा कुठेच नव्हती. जी वस्तू जमा नाही ती परत कशी करायची, हे वरून विचारून घ्यावे लागेल, असे तो म्हणाला. अंगणात तोफ होती. तिच्या तोंडात कोंबडी अंडी घालून बसली होती. किल्लेदाराने मात्र तोवर धुक्याच्या सकाळी बुरुजावर जाळ करण्याचा हुकूम दिला. त्या जाळाच्या रोखाने गावाच्या होड्या अजून घरी येतात.

अर्जात ‘कारण’ असा एक रकाना होता. कारकुनाने तिथे जे लिहिले, तेच या हकीकतीचे तात्पर्य: बलवानाशी लढायला निघणारा आधी आपलीच घंटा वितळवतो, आणि आकडा ठाऊक असून जो गप्प बसतो, त्याने ती सगळ्यांआधी वितळवलेली असते.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.