अळवाच्या पानावरची दवपरी

डोंगराच्या गार सावलीत एक इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाच्या घरात बकुळा आणि तिची आई राहत. पावसाळ्यात तापाची साथ आली आणि बकुळाचे बाबा गेले. आई वाचली, पण तापाने तिची नजर नेली. डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

बाबा फोटोग्राफर होते. त्यांचा जुना कॅमेरा तेवढा घरात उरला होता. त्याच्या लेन्समधून मुंगीसुद्धा मांजराएवढी दिसे. बकुळा रोज सकाळी तो घेऊन परसात जाई, श्वास रोखून चिमुकल्या जिवांचे फोटो काढी आणि मग आईजवळ बसून सगळं सांगे. जास्वंदीच्या परागात लोळून पिवळीधमक झालेली माशी, सोनकिड्याच्या पाठीवरची हिरवी-निळी झळाळी. आई ऐकून घेई आणि तोंड भिंतीकडे वळवी.

एका सकाळी दाट धुकं पडलं होतं. फुलांचे रंगसुद्धा विझल्यासारखे दिसत होते. फक्त अळवाच्या पानावर दवाचा एक टपोरा थेंब लुकलुकत होता. बकुळाने त्यावर लेन्स धरली. थेंबाच्या आत गुडघे पोटाशी घेऊन एक रुपेरी परी बसली होती. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे तलम होते.

परी म्हणाली, की फोटोसाठी तू कधी फूल तोडलं नाहीस, कुणाचं जाळं मोडलं नाहीस, म्हणून तुझी एक इच्छा मी पुरी करीन. बकुळाने आधी बाबांना मागितलं. परीने हळूच मान हलवली. गेलेलं माणूस तिला परत आणता येत नव्हतं. मग बकुळाने आईची नजर मागितली.

"नजर मला घडवता येत नाही, बाळ," परी म्हणाली. "एकाची काढून दुसऱ्याला देता येते. या परसातल्या ज्या जिवाचा तू आता फोटो काढशील, त्याची नजर तुझ्या आईला मिळेल. या पानावर ऊन येईपर्यंत ठरव."

गवताच्या काडीवर एक चतुर बसला होता. दवाने भिजल्यामुळे त्याला उडता येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत इवले इवले कितीतरी डोळे होते. बकुळाने लेन्स रोखली, तर तो पुढच्या पायाने डोळ्यांवरचं दव पुसत होता. तिने बोट मागे घेतलं.

कुंपणाशी एक आठ डोळ्यांची कोळीण होती. पण तिने अंड्यांची पांढरीशुभ्र पिशवी पोटाशी धरली होती. हिला पिल्लं कशी दिसतील, या विचाराने बकुळाने कॅमेरा खाली केला.

धुकं विरू लागलं. ऊन कुंपणापर्यंत आलं. बकुळाला रडू फुटलं. तिने डोळे पुसले आणि कॅमेरा स्वतःकडे वळवला.

"मीही याच परसातली आहे ना?" तिने विचारलं.

"आहेस. पण मग तुला काहीच दिसणार नाही. आईसुद्धा नाही."

"आईला मी दिसेन ना."

परी म्हणाली, "थांब. कॅमेरा माझ्याकडे कर. जो दुसऱ्याचं घ्यायला तयार होत नाही, त्यालाच मी माझं देऊ शकते. हे आधी सांगायची मला मुभा नव्हती."

बकुळाने मान हलवली. तिला ते नको होतं. परीने तिला समजावलं, की मी दवाची आहे, ऊन आलं की मला जावंच लागतं. जाताना माझी नजर कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.

बकुळाने बटण दाबलं. थेंबातून जांभळा, सोनेरी, मोरपंखी उजेड उसळला, साऱ्या परसावर पसरला आणि विझला. अळवाचं पान कोरडं होतं. बकुळाने परीला कितीदा तरी हाक मारली, पण कुणीच ओ दिली नाही.

मागे दार वाजलं. आई भिंत चाचपत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थबकली. तिचा भिंतीवरचा हात हळूहळू खाली आला. ती बकुळाकडे बघत होती. मग ती पायरीवर बसली, तिने लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या गळ्याच्या हाडांवरून बोटं फिरवली.

"किती वाळलीस गं," आई म्हणाली.

आणि बाबा गेल्यापासून एकदाही न रडलेली आई, बकुळाला कुशीत घेऊन रडत राहिली.