चतकोर

गोष्ट लिहा, गोष्ट लिहा म्हणून वाचनालयवाल्यांनी डोकं खाल्लं. म्हातारा रिकामाच बसलेला असतो, असा त्यांचा समज. लिहितो, म्हणजे पिच्छा सुटेल.

एका गावी एक वृद्ध गुरू संगणकाची विद्या शिकवीत असत. त्यांचा एक शिष्य होता, हुशार आणि उतावळा. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. त्यांच्यासाठी अन्नछत्रानं डबे सुरू केले आणि शिष्यानं वेबसाइट बांधली. भाकरी किती हव्यात ते ज्यानं त्यानं मोबाइलवर लिहायचं. त्या मजकुराचे तुकडे पाडून यंत्र आकड्यांची रांग करी, आणि रांगेप्रमाणे डबे निघत. गुरूंनी बजावलं होतं, परक्याचा मजकूर नुसता वाचावा, हुकूम म्हणून यंत्राकडून पाळून घेऊ नये. तेवढं शिष्यानं पाळलं. वर स्वतःची अक्कल चालवली: जे आकड्यात बसेना ते शून्य धरायचं. यंत्र कधी अडलं नाही.

ओढ्यापलीकडच्या एका म्हातारीला मात्र डबा येईना. ती सांज होईतो उंबऱ्यावर बसे. आपण नकोशा झालो असू, अशी स्वतःची समजूत घालून पाणी पिऊन निजे. शेवटी शेजारणीनं गुरूंच्या कानावर घातलं.

गुरूंनी शिष्याला जेवायला बोलावलं. किती वाढू, विचारलं. तो भुकेजला होता, अडीच म्हणाला. गुरूंनी रिकामं ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि स्वतः जेवू लागले.

"गुरुजी, थट्टा करता का गरिबाची?"

"अडीच मला कळत नाही. न कळलं ते शून्य. नियम तुझाच." मग त्यांनी म्हातारीचा मजकूर दाखवला. रोज एकच शब्द: चतकोर.

"तिची भूक तेवढीच. पण तेवढी होती. अरे, शून्य हे उत्तर असतं, नको म्हणणाऱ्याचं. हिनं मागितलं होतं, तुला वाचता आलं नाही. कळलं नाही ते बाजूला ठेवावं आणि जाऊन विचारावं. यंत्र अडलं तर बिघडतं काय? कुणीतरी उठून तिच्या दाराशी जाईल."

शिष्य तसाच भाकरी घेऊन ओढ्यापलीकडं गेला. म्हातारीनं डब्याकडं नंतर पाहिलं, आधी म्हणाली, "बस की जरा."

त्यानं नियम बदलला. न कळलेला शब्द आला की यंत्र थांबे, आणि तो स्वतः विचारायला जाई. पाव भाकरी आकड्यात कशी लिहायची, हेही त्यानं तिला शिकवलं. ती पटकन शिकली.

तरी रोज चतकोरच लिहीत राहिली. त्यानंही पुन्हा कधी शिकवलं नाही.

ज्याला समजायचं त्याला समजलं असेल. बाकी, खानेसुमारीची नावं लिहायला माझ्या दारात येऊन, माझं शिक्षण मी 'दुसरी अर्धी' सांगितलं असताना जो 'काही नाही' लिहून गेला, आणि माफी मागायला अजून फिरकला नाही, तो सोपान टिळेकर.