बटणातला तांदूळ

"आणि ती रडायला लागली तर?"

शलाकाने हे मोटरसायकलकडे बघत विचारलं. याच प्रश्नाने रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. तीन वर्षांच्या लेकीला, रेवूला, घरी ठेवून आज ती पहिल्यांदा नोकरीला निघाली होती, तालुक्याच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत.

ओट्यावर विमलआत्या मेथी निवडत होत्या. नवऱ्याची आत्या. गल्लीतले लोक त्यांच्याकडे उत्तर मागायला येत आणि उलटा प्रश्न घेऊन घरी जात.

"रडेल की," आत्या म्हणाल्या. "गाडीचं काय झालं?"

गाडी स्टार्ट होत नव्हती. बटण दाबलं की... काहीच नाही.

शलाका या बाबतीत अगदीच अडाणी नव्हती. तिने व्हिडिओ पाहिले होते. काळजी करणाऱ्या माणसाला व्हिडिओ कधी कमी पडत नाहीत.

तिने हॉर्न वाजवला. खणखणीत. म्हणजे बॅटरी धडधाकट. गाडी न्यूट्रलमध्ये, साइड स्टँड वर, इंजिन बंद करायचा लाल स्विच जागेवर. बाजूचं झाकण काढून फ्यूज पाहिला, तोही शाबूत. मग एका हाताने बटण दाबत स्टार्टरला करंट सोडणाऱ्या रिलेला कान लावला. साधी टकटकसुद्धा नाही.

"रिलेपर्यंत करंट पोचतच नाहीये, आत्या." आवाजात जरासा तोरा आला. "वायर गेली असणार. हेडलाइट उघडावा लागेल."

"आज?"

"आज काही जाणं होत नाही. कळवते त्यांना फोन करून."

"पहिल्याच दिवशी दांडी. ठेवतील?"

"नाही ठेवणार. दुसरी बाई तयारच आहे त्यांच्याकडे... काय करणार?"

हे सांगताना आपल्याला म्हणावं तितकं वाईट वाटत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. तिने घाईघाईने चेहरा पाडला.

आत्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. उठून गाडीपाशी आल्या. हँडलला कालच्या दसऱ्याचा झेंडू, टाकीवर हळदकुंकवाची बोटं.

"पूजा कोणी केली?"

"मीच. सगळीकडे अक्षता वाहिल्या. बटणावर जरा जास्तच. म्हटलं, सुखरूप ने आणि सुखरूप आण."

आत्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून तिच्यापुढे धरली. 

शलाकाने बटणाची कड टोकरली. एकदा, दोनदा... कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा टपकन तळहातावर पडला.

तिने बटण दाबलं. आता ते पुरतं आत गेलं. गाडी पहिल्या दमात धडधडली.

आत्या हसल्या. शलाकाही हसली. मग तिनेच चावी फिरवून गाडी बंद केली.

"आता गं काय?"

"प्लग पाहून घेते एकदा. वाटेत बंद पडली तर? आणि चेन... चेनला तेल नाहीये."

आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता हसू मावळलं.

"शलाका, या गाडीला किक आहे ना?"

"आहे."

"बटण बिघडलं तरी किकवर चालू होते?"

"होते."

"मग सकाळपासून एकदा तरी मारलीस?"



शलाकाने तळहातावरच्या दाण्याकडे पाहिलं. तिच्याकडे उत्तर होतं, पण ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. खूप दमल्यासारखं वाटलं तिला, चाकापाशीच बसकण मारावी इतकं.

आत्या पुन्हा ओट्यावर जाऊन बसल्या. जुडी मांडीत घेतली.

"आत्या, तुम्हीच सांगा ना... जाऊ का?"

आत्यांनी मेथीचा एक देठ खुडला. 

उत्तर दारातून आलं. रेवू उंबऱ्यावर उभी होती. डोळे कोरडे, कपाळाला आठ्या.

"आई, जा ना गं! टाटा करून करून माझा हात दुखला."